हौदावरची उडी

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी तुम्ही दोघांनी मला तो व्हिडिओ पाठवलात आणि खाली टाळ्यांची चित्रं टाकलीत. धाकटीने लिहिलं होतं, "आजी, तू तर सेलिब्रिटी झालीस." व्हिडिओत हिरवंगार मैदान आहे, फुगे आहेत, हत्तीच्या आकाराची घसरगुंडी आहे आणि पहिल्या रांगेत खांद्यावर शाल घेतलेली तुमची आजी टाळ्या वाजवते आहे. तो मी पुन्हा पाहिला आणि मला शिसारी आली. आधी त्या हिरव्या रंगाची, मग त्या टाळ्यांची. आजीने मुलांसाठी काहीतरी चांगलं केलं, असं तुमच्या डोक्यात पक्कं बसायच्या आत खरं काय झालं ते लिहून ठेवते आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, मलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि पुढे तीसेक वर्षं मी कॉलेजात इंग्रजीच शिकवलं. पण या प्रकरणात माझ्या चांगल्या इंग्रजीने करायचं तेवढं नुकसान करून झालं आहे. तेव्हा सावकाश वाचा. अडलं तर आईला विचारा.

तुम्हाला माहीत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी मी पंचवटीतल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. घरापासून चालत वीस मिनिटं. रस्ता खणलेला असला की पंचवीस, आणि रस्ता बहुतेक वेळा खणलेलाच असतो. शाळा पहिली ते चौथी. मागे मैदान आहे. मैदान म्हणजे साधी माती, एका बाजूला कडुनिंब, एका बाजूला नळ आणि नळाला लागूनच एक जुना दगडी हौद.

हा हौद नीट समजून घ्या, कारण सगळं त्याच्यावरच आहे. काळ्या दगडाचा, चुन्यात बांधलेला, कधीकाळी पाणी साठवायला केलेला. मी पाहिला तेव्हा तो कोरडाच होता आणि आत अर्ध्यावर माती भरलेली होती. काठ माझ्या कमरेच्या थोडा वर. नळाच्या बाजूने वर चढायला तीन पायऱ्या. एवढंच. मोठ्या माणसाने पाहिला तर अडगळ म्हणावी, असा.

मुलांचं मात्र त्याच्याबद्दल एक शास्त्र होतं. पहिलीतल्या मुलांनी खालच्या पायरीवरून उडी मारायची. दुसरीत गेलं की मधल्या पायरीवरून, तिसरीत वरच्या. चौथीत गेलं की हौदाच्या काठावरून. चौथी सुटायच्या आत प्रत्येकाने काठावरून एकदा तरी उडी मारलीच पाहिजे, नाहीतर तो "कच्चा" म्हणून दुसऱ्या शाळेत जाणार. खालची माती उड्या पडून पडून रव्यासारखी भुसभुशीत झालेली होती. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, कोणालाच ठाऊक नाही. शिक्षकांना ते दिसत नसे, म्हणजे ते बघत नसत. आणि खालच्या इयत्तेतल्या कोणी वरच्या पायरीवरून उडी मारली तर ती धरली जात नसे. पोरं एका सुरात ओरडत, "नाय धरली! नाय धरली!"

मागच्या वर्षी, थंडी सरता सरता, शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. एक कंपनी शाळेला खेळाचं मैदान करून देणार होती. अट एकच, की मैदानाचा आराखडा मुलांनी करायला हवा. मोठ्या बाई म्हणाल्या, "मॅडम, मुलांचा सहभाग दाखवायचाय. फोटो, चित्रं, सगळं लागेल. तुमचं काम कसं टापटीप असतं. तुम्ही घ्याल का?"

टापटीप म्हटलं की तुमची आजी फसते. मी घेतलं.

पहिल्या दिवशी कागद आणि खडू वाटले. शंभरावर चित्रं आली आणि सगळी एकच. दोन डोंगर, मधून सूर्य, एक घसरगुंडी, एक झोका, गुलाबाची चार झाडं. मुलांनी मैदान काढलं नव्हतं, चित्रकलेच्या तासाला काढायचं असतं ते काढलं होतं. म्हणून पुढच्या खेपेला मी कागद घरीच ठेवले आणि फक्की मागवली. फक्की म्हणजे खो-खोचं मैदान आखायला वापरतात ती पांढरी भुकटी. प्रत्येक वर्गाला एकेक घमेलं दिलं आणि म्हटलं, "कागदावर नको. इथेच जमिनीवर दाखवा, कुठे काय हवं."

त्यानंतरचे तीन मंगळवार आणि तीन शुक्रवार माझ्या निवृत्तीनंतरच्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते, हे मी कबूल करते. मुठीत फक्की घेऊन मुलं मैदानभर फिरली. लगोरीच्या जागेवरून दोन वर्ग भांडले आणि मिटवलंही त्यांनीच. ती जागा त्यांना खडबडीत हवी होती. सपाट जमिनीवर चेंडू सरळ जातो, मग मजा काय? नळापासून कडुनिंबापर्यंत एक नागमोडी वाट आखली, कारण पाय धुऊन चिखल करत जायला तीच बरी. कोठीच्या खोलीमागच्या कोपऱ्यात पहिलीतल्या एका मुलाने छोटा गोल काढला. मी विचारलं, "हे काय रे?"

"रडायची जागा," तो म्हणाला. "इथं कोणी चिडवत नाय."

"आणि दुसरं कोणी आधीच रडत असेल तर?"

"मग थांबायचं."

हौदाभोवतीचं रिंगण तिसरीतल्या एका मुलीने काढलं. ही मुलगी लक्षात ठेवा. दोन घट्ट वेण्या, डाव्या भुवईवर जुनी खोक. आई गोदाकाठच्या बाजारात पालेभाजी विकते. तिच्या मोठ्या बहिणीने दोन वर्षांपूर्वी काठावरून उडी मारली होती आणि ते घरात रोज ऐकावं लागत असे. हिला चौथीत जायला अजून चार महिने होते. ती वरच्या पायरीवरून उड्या मारून सराव करी आणि दर उडीनंतर काठाकडे बघे.

तिने रिंगण दोनदा काढलं, म्हणजे फक्की पुसली तरी एक राहील. मग हात झटकत माझ्याकडे आली.

"आजी, हौद राहील ना?"

"राहील की."

"नक्की? लय लोकं म्हणतेत काढणार म्हणून."

"मी नकाशावर लिहिणार आहे. लिहिलेलं कोणी काढत नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. त्या वेळी मला ते खरंच वाटत होतं.

घरी येऊन मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. प्रमाण धरून, पट्टीने, काळ्या शाईत. मुलांच्या वाकड्या रेघा मी सरळ केल्या, कारण वाकडी रेघ मला सोसत नाही. नावं इंग्रजीत घातली, कारण कंपनीचे लोक मुंबईचे आणि इंग्रजीत लिहिलं की आपलं म्हणणं ते गंभीरपणे घेतील, अशी माझी समजूत. रडायच्या जागेला मी 'क्वाएट कॉर्नर' केलं. रडण्याचं नाव काढलं तर त्यांना शाळेत काहीतरी बिनसलंय असं वाटेल, म्हणून. हौदापाशी लिहिलं, 'जुनं दगडी बांधकाम, जतन करावे.' तेही इंग्रजीत. पायऱ्या दाखवल्या नाहीत, आणि उडीचं तर अक्षरही लिहिलं नाही. ते मात्र मी मुद्दाम केलं. साहेबलोकांनी वाचलं की इथून पोरं उड्या मारतात, तर आधी हौद पाडतील, असं मला वाटलं. हौद वाचावा म्हणून मी हौदाचं कारणच लपवलं. नकाशा इतका सुरेख झाला की मी त्याची प्रत काढून फाईलला लावली.

कंपनीचा समन्वयक तिशीतला, अंगात कंपनीचा टी-शर्ट. नकाशा पाहून म्हणाला, "काकू, एक नंबर! एवढं प्रोफेशनल आमच्याकडे पण कोणी करत नाही." मी खूष झाले. आज आठवलं की त्या खुषीचीही किळस येते.

मे महिन्यात शाळेला सुट्टी होती. जूनमध्ये शाळा उघडली आणि मी पहिल्या मंगळवारी गेले, तेव्हा मैदानावर माती दिसत नव्हती. सगळीकडे प्लास्टिकचं गवत अंथरलेलं. त्याला उन्हाने रबर आणि डिंक तापल्यासारखा वास येत होता. तो वास कपड्यांना लागून माझ्याबरोबर घरी आला. हत्ती उभा होता, निळा, सोंडेची घसरगुंडी, दात पांढरे आणि त्यावर धूळ. कडुनिंबाभोवती सिमेंट ओतून त्याचा श्वास कोंडला होता. लगोरीची खडबडीत जागा बिलियर्डच्या टेबलासारखी सपाट. रडायच्या कोपऱ्यात चष्मा घातलेल्या हसऱ्या घुबडाचा फलक आणि खाली, 'शांत बसा, पुस्तक वाचा.' फलकाच्या बरोबर समोर कॅमेरा.

आणि हौद नव्हता.

समन्वयक तिथेच ठेकेदाराला काहीतरी सांगत होता. मी विचारलं.

"काकू, ते सेफ्टीवाल्यांनी काढायला लावलं. ते म्हणाले, स्ट्रक्चरचा यूज काय? आपल्या प्लॅनमध्ये यूज काहीच लिहिलेला नव्हता ना."

"जतन करावे, असं लिहिलं होतं मी."

"केलंय ना! टेन्शन नका घेऊ. हे बघा." त्याने मला शाळेच्या फाटकाजवळ नेलं. तिथे एक चौथरा बांधला होता आणि त्यावर काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला, सोनेरी अक्षरं, कंपनीचं चिन्ह. चौथऱ्याचे दगड हौदाचे होते. मी ओळखले, काठाचे दगड पायांनी झिजून गुळगुळीत झालेले असतात. "हेरिटेज लुक आला की नाही?" तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी चहा मागवला होता, तो प्यायले.

उद्घाटन ऑक्टोबरात ठेवलं होतं. तुम्ही पाहिलात तो व्हिडिओ तिथला. त्यात न दिसणारं सांगते. पाहुणे अकराला येणार होते, ते एकला आले. मुलं साडेदहापासून त्या गवतावर अनवाणी बसवलेली होती, कारण बुटांनी गवत खराब होतं. ऑक्टोबरच्या उन्हात ते प्लास्टिक तव्यासारखं तापतं. मुलं एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर वजन टाकत होती आणि बाई ओरडत होत्या, "हलू नका, फोटो काढतायत." पाहुणे बुटांसकट गवतावर आले. मंडपाच्या मागे खोक्यांचे ढीग होते, कचोरी आणि पेढा. ती आधी पाहुण्यांना, मग पाहुण्यांच्या ड्रायव्हरांना, मग उरली तेवढी पहिलीला.

भिंतीवर मोठा फलक लावला होता, 'मुलांच्या नजरेतून'. खाली पंधरा-वीस रंगीत चित्रं. मी जवळ जाऊन पाहिली. त्यातलं एकही आमच्या मुलांचं नव्हतं. समन्वयकाला विचारलं तेव्हा तो हसला.

"ओरिजिनल खूप डल होती, काकू. प्रिंटला येत नव्हती. आमच्या डिझायनरने रिक्रिएट केली. लहान मुलांसारखी लाइन यावी म्हणून पठ्ठ्याने डाव्या हाताने काढली!"

त्याला हे कौतुकाने सांगावंसं वाटलं. एका शहाण्यासुरत्या माणसाने पगार घेऊन डाव्या हाताने वाकड्या रेघा काढल्या होत्या, आणि मी पगार न घेता मुलांच्या वाकड्या रेघा सरळ केल्या होत्या. शेजारी शेजारी उभं केलं तर आम्ही दोघं फार वेगळे दिसलो नसतो.

मग त्या दोन वेण्यांच्या मुलीला माईकपाशी उभं केलं. ती आता चौथीत होती. तिला चार ओळी पाठ करून दिल्या होत्या. ती त्या एका दमात, कवायतीच्या सुरात म्हणाली, "हे मैदान आम्ही मुलांनी स्वतः डिझाइन केले आहे. आम्हाला जे हवे होते ते सर्व मिळाले आहे. आम्ही सर्वांचे आभारी आहोत. धन्यवाद." चुकली नाही. म्हणून झाल्यावर तिने पाहुण्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, मला शाल आणि नारळ दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. व्हिडिओतला तो तुकडा तोच.

पुढच्या शुक्रवारी गोष्ट संपल्यावर ती मागे थांबली.

"आजी, तुमी नकाशावर लिवलं होतं ना?"

"हो."

"दाखवा."

फाईल माझ्या पिशवीत होती. ती नेहमी असते. मी नकाशा उघडला. तिने बोट ठेवून ते इंग्रजी एकेक अक्षर जोडत वाचलं आणि मला अर्थ विचारला. मी सांगितला.

"यात पायऱ्या कुठंयत?"

"नाही दाखवल्या."

"आणि उडी?"

"उडी लिहिली नाही मी."

"का बरं?"

"मोठी माणसं घाबरतील असं वाटलं गं. घाबरली असती तर हौद पाडला असता."

तिने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती मला समजावून सांगत होती, जसं पहिलीतल्या पोराला सांगतात. "तुमी लिवलंच नाय, तर त्यांना कसं कळंल ते कशाला हाय?"

कॉलेजात माझ्या हाताखालून हजारो उत्तरपत्रिका गेल्या असतील. माझी उत्तरपत्रिका इतक्या थोडक्यात कोणी तपासली नव्हती.

मी मोठ्या बाईंना भेटले. त्यांची कीवही आली आणि रागही. "मॅडम, आता झालं ना," त्या म्हणाल्या. "फुकट मिळालंय. पुढच्या वर्षी रंगकाम पण करून देणारेत. हौदाचं काय घेऊन बसलात?" मग आवाज खाली करून म्हणाल्या, "मीही याच शाळेतली. मीही मारलीय उडी." आणि समोरच्या हजेरीपटावर सह्या करायला लागल्या. त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि त्यांनीही कुठे लिहिलं नव्हतं.

त्यानंतर मी एक पत्र लिहिलं, मराठीत. मुलांना गोल बसवून, त्यांनी सांगितलं तसंच. रडायची जागा म्हणजे रडायची जागा. कॅमेरा काढा. पायांना चटके बसतात. उडी मारायला माती हवी. रेघ एकही सरळ केली नाही. पत्र कंपनीला पाठवलं. उत्तर आलं ते इंग्रजीत, दोन ओळींचं, आभाराचं, आणि सोबत पुढच्या उपक्रमाचं माहितीपत्रक. ते मी फाडलं. कागद फाडायची मला सवय नाही. चार तुकडे झाले तेही सारखे झाले.

मैदानाला आता कुलूप असतं. गवत खराब होऊ नये म्हणून ते शनिवारी अर्धा तास उघडतात आणि मुलं हत्तीपुढे रांग लावतात. बाकीचे दिवस ती फाटकाजवळच्या पट्टीत खेळतात. तिथे फरश्या आहेत आणि तो चौथरा आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी गेले तेव्हा चौथीची मुलं चौथऱ्यावर चढून कोनशिलेला पाठ लावून उभी राहात होती आणि खाली फरशीवर उड्या मारत होती. शिपाई काठी आपटत आला की पांगायची, तो गेला की पुन्हा यायची. त्या मुलीनेही मारली. गुडघा फुटला. मी रुमाल बांधत होते, तेव्हा तिची एक मैत्रीण म्हणाली, "झाली की तुझी. सुटली तू."

"नाय झाली," ती म्हणाली. "मी वितींनी मोजलंय. हौदापेक्षा दोन वीत कमी हे. नाय धरली."

मी म्हटलं, "दगड तेच आहेत गं."

"दगडाला काय करायचं? उंची पायजे."

एप्रिलअखेर तिची चौथी संपेल आणि ती पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जाईल.

शाल कपाटात तशीच घडी करून ठेवली आहे; तुमच्यापैकी कोणालाच नको असेल तर देऊन टाकेन. नकाशाची प्रत मात्र ठेवली आहे. त्यावर मी परवा तांबड्या शाईने, मराठीत, तीन पायऱ्या आणि काठ दाखवला आणि कोण कुठून उडी मारतो ते लिहिलं. आता त्याचा उपयोग नाही, पण चुकलेलं तसंच ठेवणं मला जमत नाही.

हौद पाडताना त्याची सर्वांत खालची पायरी काढता आली नाही, कारण तिच्याखालून नळाची पाइपलाइन जाते. ती नळाजवळ, गवत संपतं तिथे, कुलपाच्या बाहेर, अजून आहे. तिच्यापुढे हातभर माती उरली आहे. पहिलीची मुलं पाणी प्यायला जातात तेव्हा तिच्यावरून उडी मारतात, आणि ती धरली जाते.